उन्हातले घर आणि त्याखालची जमीन

वैशाखातल्या संध्याकाळी, हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसलेल्या श्रोत्यांपुढे, ऊन शोधायला निघालेल्या माणसांची हकीकत सांगायची म्हणजे थोडे धाडसच आहे. आपल्याकडे चार पैसे गाठीला आले की माणूस महाबळेश्वराची वाट धरतो. ऊन विकत घ्यायला कोणी जात नाही. परंतु अमेरिकेच्या उत्तर भागात डेट्रॉइट, क्लीव्हलँड, बफेलो अशी कारखान्यांची गावे आहेत, आणि तेथे वर्षातले चार-पाच महिने हाडे गोठवणारी थंडी पडते. तीस वर्षे भट्टीपुढे उभा राहिलेला तेथला कामगार साठीला आला की दक्षिणेकडे पाहू लागतो. फ्लॉरिडात किंवा अ‍ॅरिझोनात एक लहानसे घर, दाराशी संत्र्याचे झाड, आणि उरलेल्या आयुष्यात पुन्हा बर्फ उपसायला नको, एवढेच त्याचे मागणे. ते मागणे पुरे करायला निघालेल्या लक्षावधी लोकांचे पुढे काय झाले, हा आजचा विषय.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी कायमची बंद पडली तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. शाळा सातवीत सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटापुढे. वडिलांना घराचा प्रश्न पडला नाही, कारण साताऱ्याकडे वडिलार्जित दोन खण होते आणि त्याखालची जमीन आपली होती. आमच्या सभासदांपैकी पुष्कळांना आता गावच उरलेले नाही. निवृत्तीला वर्ष-दोन वर्षे राहिली की ते कचेरीत येतात, प्रॉव्हिडंट फंडाचा आकडा कागदावर लिहून दाखवतात आणि विचारतात, "दादा, एवढ्यात कुठं घर बसेल?" याचे उत्तर देता येईना, म्हणून ज्यांनी हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर सोडवून पाहिला त्यांच्याकडे आम्ही वळलो.

प्रथम पैशाची गोष्ट. म्हातारपणी हवे तेथे राहता येणे ही कामगाराच्या दृष्टीने अगदी अलीकडची चीज आहे. १९३५ पूर्वी अमेरिकेतले कित्येक म्हातारे मजूर मुलाच्या घरी तरी राहत, नाहीतर अनाथगृहात तरी. १४ ऑगस्ट १९३५ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षेच्या कायद्यावर सही केली, आणि दरमहाच्या पेन्शनीचा पहिला धनादेश जानेवारी १९४० मध्ये व्हर्माँट राज्यातल्या आयडा मे फुलर या बाईंना मिळाला. रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. बाईंनी भरलेली एकूण वर्गणी पावणेपंचवीस डॉलर. त्या शंभर वर्षे जगल्या आणि सरकारकडून २२,८८८ डॉलरांहून अधिक घेऊन गेल्या! आम्हाला हा हिशेब फार आवडतो. मात्र याच कायद्याने आरंभी शेतमजूर व घरकामगार यांना बाहेर ठेवले होते, आणि त्यांत काळ्या लोकांचा भरणा मोठा होता, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. पुढे ज्यांच्यासाठी उन्हातली घरे बांधली गेली ते बहुतांशी गोरे होते, त्याची एक मुळी येथे आहे.

सरकारी पेन्शन एकट्याने पुरेना. १९४९ साली मोटार कामगारांच्या युनियनने फोर्ड कंपनीशी करार केला: ३० वर्षे नोकरी आणि ६५ वय झालेल्या कामगाराला सरकारी रक्कम धरून महिना शंभर डॉलर. क्रायस्लर कंपनी शंभर डॉलरांना कबूल होती, पण त्यासाठी निधी वेगळा काढून ठेवायला तयार नव्हती. त्या एका मुद्द्यावर १९५० साली १०४ दिवस संप चालला. बाहेरच्यांना वाटले, ही कसली अडवणूक, पैसे देतो म्हणताहेत ना! पण ज्याने बंद गिरणीच्या दारात थकबाकीसाठी खेटे घातले आहेत त्याला हा संप समजावून सांगावा लागत नाही. वचन आणि वेगळा काढलेला पैसा यांत जेवढे अंतर, तेवढ्यासाठी ते १०४ दिवस होते.

या धनादेशाचा एक गुण असा की तो टपालाने कोठेही जातो. पगार घ्यायला कारखान्याच्या दारात जावे लागे. पेन्शन माणसाच्या मागे येते. महिना शंभर डॉलरांत डेट्रॉइटला कोळसा, घरपट्टी आणि जाड कोट यांतच जीव जाई. फ्लॉरिडाने १९२४ सालीच राज्यघटनेत प्राप्तिकर निषिद्ध केला होता आणि १९३४ पासून राहत्या घराच्या पहिल्या ५,००० डॉलर किमतीला घरपट्टी माफ केली होती. लहान घराला याचा अर्थ घरपट्टी जवळजवळ शून्य. कोळसाही नको. हिशेब कोणालाही पटावा असाच होता.

मग घर कोणते घ्यावे? काही युनियनांनी स्वतःच घरे बांधली. सुतारांच्या युनियनने १९२८ साली फ्लॉरिडात लेकलंड येथे तळ्याकाठी भले मोठे वृद्धगृह उघडले. सभोवती संत्र्यांच्या बागा होत्या. पन्नाशीच्या दशकात गादीकाम करणाऱ्यांच्या युनियनने ज्युपिटर गावाजवळ निवृत्तांची वसाहत वसवली. दोन्ही टिकली नाहीत. आमच्या मते कारण साधे आहे. जन्मभर भोंग्यावर उठलेल्या माणसाला म्हातारपणी सामुदायिक भोजनाची घंटा नको असते, त्याला आपले दार हवे असते. आमच्या चळवळीला हे उशिरा कळते.

आपल्या दाराची सर्वांत स्वस्त वाट चाकांवरून गेली. १९१९ साली टँपा येथे मोटारीमागे तंबू व डबे बांधून आलेल्या प्रवाशांनी 'टिन कॅन टूरिस्ट' नावाची संघटना काढली. १९३६ साली ब्रेडेंटन गावात किवानिस मंडळाने अशा चाकाच्या घरांसाठी तळ उघडला आणि तो देशातल्या सर्वांत मोठ्या तळांपैकी एक झाला. पन्नाशीच्या दशकात ही घरे दहा फूट रुंद झाली. ती एकदा आणून ठेवायची, चाके झाकून टाकायची, पुढे पडवी काढायची, कुंड्या मांडायच्या. पेन्शनरांचे संसार त्यांत सुखाने झाले हे खोटे नाही. संध्याकाळी पत्ते, रविवारी सहभोजन, शेजारी आपल्याच कारखान्यातला कोणी. चाळीसारखेच म्हणा ना.

परंतु या घराची गोम कागदपत्रांत आहे. फ्लॉरिडात त्याची नोंद मोटारगाड्यांच्या खात्यात होते. घर तुमचे, ते ज्यावर उभे आहे ती जागा तळाच्या मालकाची, महिना भाड्याने. पक्क्या घराची किंमत बहुधा चढते, याची गाडीसारखी उतरते, आणि जमिनीचे भाडे मात्र चढत जाते. भाडे परवडले नाही तर घर हलवा म्हणावे, तर वीस वर्षे रुतलेले घर हलवण्याचा खर्च घराच्या किमतीला भिडतो. चाके नावालाच. मालकाने तळ विकला आणि नव्या मालकाला तेथे मोठ्या इमारती उठवायच्या असल्या, की घराचा धनी घरासकट रस्त्यावर. १९८४ साली फ्लॉरिडाने यासाठी कायदा केला. त्याप्रमाणे मालकाने तळ विक्रीला काढला तर रहिवाशांच्या संघटनेला आधी कळवायचे, आणि ठरल्या किमतीला तो घेण्यासाठी ४५ दिवसांची मुदत द्यायची. जेथे संघटना भक्कम होत्या तेथे म्हाताऱ्यांनी वर्गण्या काढून, कर्ज उभारून तळ विकत घेतले. फ्लॉरिडात अशा रहिवाशांच्या मालकीच्या वसाहती आजही पुष्कळ आहेत. पण कायद्यात एक भोक आहे. मालकाने तळ विक्रीला काढलाच नाही आणि खरेदीदार आपण होऊन दाराशी आला, तर ४५ दिवसांचे बंधन लागू होत नाही. कायदा कोणी लिहिला हे ठाऊक नसले तरी त्या वेळी खोलीत कोण कोण बसले असेल याची आम्हाला कल्पना आहे.

वाऱ्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू नावाचे वादळ होमस्टेड गावावरून गेले. गावात अशी १,१७६ घरे होती. त्यांतली १,१६७ नाहीशी झाली. बळकट बांधणीचे नियम १९९४ साली आले.

दुसरी वाट प्लॉटची. फ्लॉरिडातल्या जमिनीचा पहिला सट्टा १९२५ साली कळसाला पोचला आणि पुढच्या वर्षी मायामीच्या वादळाने कोसळला. १९५० नंतर तोच धंदा हप्त्यांनी सुरू झाला: दहा डॉलर इसार, महिना दहा डॉलर. उत्तरेकडच्या वर्तमानपत्रांत जाहिरात यायची आणि कामगार वेतनाच्या दिवशी दहाची नोट पाकिटात घालून टपालात टाकायचा, अंगण न पाहता. पूर्वी केसांचे औषध विकणाऱ्या रोझेन बंधूंनी १९५७ साली केप कोरल वसवायला घेतले. तेथे चारशे मैल कालवे खणून पुष्कळांना पाण्याकाठचा प्लॉट दिला. नळ आणि गटारे यांची आकारणी पुढे ज्याची त्याच्या नावावर निघाली. त्यांच्याच कंपनीने गोल्डन गेट नावाने विकलेल्या जमिनीचा दक्षिण भाग तर पावसाळ्यात पाण्याखालीच असे. १९८० च्या दशकापासून सरकारने तेथली सुमारे ५५,००० एकर जमीन जवळजवळ १७,००० मालकांकडून परत विकत घेतली, आणि पुढे कालवे बुजवून तेथे पुन्हा दलदल करायला घेतली. १९६८ साली अमेरिकन संसदेने कायदा केला की राज्याबाहेर प्लॉट विकणाऱ्याने जागेची खरी माहिती छापील द्यावी. छापील माहिती किती जण वाचतात, हे विम्याचा कागद ज्यांनी कधी पुरता वाचला आहे त्यांनी सांगावे.

तिसरी वाट तयार घराची, आणि येथे एक खटला आहे. जनरल डेव्हलपमेंट ही पोर्ट शार्लट वगैरे नगरे वसवणारी मोठी कंपनी. उत्तरेकडच्या गिऱ्हाइकांना ती सवलतीत फ्लॉरिडाला आणी, फिरवी, जेवू घाली आणि घर विके. घराची किंमत कंपनी सांगणार, कर्ज कंपनीचीच शाखा देणार. पाहुणा गावातल्या दुसऱ्या दलालाशी बोलणार नाही याची काळजी घेतली जाई, कारण शेजारच्या रस्त्यावर तसेच घर पुष्कळ कमी किमतीला मिळत होते. १९९० साली कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि तिचे दिवाळे निघाले. अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. परंतु १९९६ साली वरच्या न्यायालयाने त्या रद्द केल्या. निकालाचा आशय असा की, आसपास घरांचे भाव काय आहेत हे शहाण्या माणसाला सहज विचारता आले असते. तो न विचारता फसला तर तो या कायद्याखालचा गुन्हा होत नाही. निकाल वाचून आम्ही रात्रभर चिडलो होतो. नंतर मात्र असे वाटू लागले की न्यायाधीशांनी, नकळत का होईना, कामाचे काही सांगितले आहे.

अ‍ॅरिझोनाबद्दल थोडक्यात. १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब यांच्या कंपनीने सन सिटी उघडली. सर्वांत लहान घर ८,५०० डॉलरांना, गोल्फचे मैदान शेजारी, मुलेबाळे असलेल्या कुटुंबांना मज्जाव. हिवाळ्याचा कोळसा वाचला आणि उन्हाळ्यात वातानुकूलनाचे वीजबिल आले. पण आमच्या मनातून एक गोष्ट जात नाही. शेजारच्या पिओरिया गावाच्या शाळांसाठी कर्जरोखे काढण्याचे प्रस्ताव मतदानाला आले की सन सिटीचे पेन्शनर ते एकामागून एक पाडत. स्वस्त घरासाठी कर कमी हवा, आणि कर कमी हवा म्हणून दुसऱ्याच्या नातवंडांची शाळा नको! शेवटी सत्तरच्या दशकात त्यांनाच त्या शाळा-विभागातून वगळावे लागले. युनियनमध्ये आयुष्य काढलेली माणसेही त्यांत असणार.

आणि मजल्यांची घरेही सुटलेली नाहीत. २४ जून २०२१ रोजी मायामीजवळ सर्फसाइड येथे समुद्रकाठची बारा मजली इमारत कोसळून ९८ माणसे गेली. पुढल्या वर्षी कायदा झाला की जुन्या इमारतींची तपासणी करावी आणि दुरुस्तीचा निधी सक्तीने साठवावा. कायदा अगदी योग्य आहे. पण ज्यांनी वर्षानुवर्षे महिन्याची वर्गणी कमी ठेवण्यासाठी हात वर केले होते त्यांच्यावर एकदम मोठी आकारणी निघाली, आणि ठरीव पेन्शनीवर जगणाऱ्या कित्येकांना घर विकावे लागले.

हे सर्व टिपण आमच्या वहीत होते, तेव्हा एक सभासद कोकणातल्या प्लॉटचा रंगीत कागद घेऊन आला. निवृत्तीला आठ महिने राहिलेले. सांधे धरतात, फ्लॅटच्या ओलीत राहवत नाही, उघड्यावर उन्हात बसायला जागा हवी, असे त्याचे म्हणणे. इसार देऊन झाला होता. आम्ही आधी सातबारा मागितला. तो सामाईक निघाला, त्यावर अकरा नावे, आणि जमीन बिनशेती झालेली नाही. मग एका रविवारी दोघे एस.टी.ने तेथे गेलो. विकणाऱ्याचा माणूस गाडी घेऊन थांब्यावर उभा होता, त्याला हात जोडून आम्ही पायीच निघालो. जागा दिसायला सुरेख. आखणीचे चुन्याचे पट्टे, एक कमान, दोन नारळ. पलीकडच्या वाडीत एक म्हातारे गृहस्थ अंगणात आमसुले वाळत घालत होते. आमच्या सभासदाने त्यांना विचारले, "बाबा, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं हो इथं?"

त्यांनी आमसुले तशीच ठेवली, उठून कुंपणापाशी आले, आणि हात छातीशी धरून दाखवला.