जोत्यातील ओल : मावळातील घरांचे जुने दुखणे

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कान्हे स्थानकाकडून इंद्रायणी ओलांडून गेले, की आंदर मावळातील टाकवे बुद्रुक हे गाव लागते. पुण्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोणावळ्यात तो ४००० मिलिमीटरच्या पुढे जातो. टाकवे या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात आहे. भातशेतीच्या या परिसरात शहरवासीयांनी सुट्टीतील घरे बांधली आहेत. शहरातील घराचा आराखडा येथे जसाच्या तसा उतरवला, की काही पावसाळ्यांतच भिंतींच्या पायथ्याशी रंगाचे पोपडे सुटतात, पांढरा लोणा फुटतो आणि बंद घराला कुबट वास येऊ लागतो. बुरशीचा त्रास दमेकऱ्यांना विशेष होतो. अशा वेळी आतून जलरोधक रंग लावण्याकडे कल असतो. परंतु तो खर्च बहुधा वाया जातो. कारण दुखणे भिंतीचे नसून जोत्याखालच्या जमिनीचे असते.

ओल येते कोठून?

भातखाचर हे पाणी धरून ठेवण्यासाठीच तयार केलेले असते. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने त्याच्या तळाशी घट्ट थर बनतो. अशा जागेवर मुरमाची भर घालून घर बांधले, तरी भरावाखाली पाणी साचत राहते. वीट, गिलावा आणि काँक्रीट यांतील सूक्ष्म छिद्रे ते केशाकर्षणाने वर ओढतात. पाण्याबरोबर क्षारही चढतात. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. हाच लोणा होय. आतून जलरोधक थर दिल्यास वाफेची वाट बंद होते आणि ओल भिंतीत आणखी वर सरकते.

साधी परीक्षा

फरशीवर हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा व दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या खालच्या बाजूस दव जमल्यास ओल जमिनीतून येत आहे. वरच्या बाजूस जमल्यास ती घरातील दमट हवेची आहे.

उपाय

पहिला उपाय घराबाहेरचा. छपराचे पाणी पन्हाळीतून भिंतीपासून दूर सोडावे. जोत्याभोवती सुमारे एक मीटर रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी. चढाच्या बाजूने येणारे पाणी अडविण्यासाठी खडी भरलेला चर काढून तो सखल जागी न्यावा. भिंतीला टेकलेली फुलझाडांची माती काढून टाकावी.

नवे बांधकाम करताना जोते सभोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. मावळात ते याहून उंच ठेवणे इष्ट. जोत्याच्या माथ्यावर, सर्व भिंतींखाली अखंड ओलरोधक थर द्यावा आणि फरशीच्या काँक्रीटखाली जाड पॉलिथिन अंथरावे. हा खर्च पुढील दुरुस्तीच्या मानाने किरकोळ ठरतो.

उतारावरील काही घरांत फरशीखाली बंदिस्त पोकळी राहते. तेथील उघडी माती पॉलिथिनने झाकावी, जोड एकमेकांवर चढवून घ्यावेत व समोरासमोर जाळीदार झरोके ठेवावेत. मात्र ऐन पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने केवळ झरोक्यांनी पोकळी सुकत नाही. मातीवरील आच्छादन हाच खरा उपाय आहे. पोकळीत लाकूड व रद्दी ठेवू नये, कारण वाळवीला तेच हवे असते.

लोणा लागलेला गिलावा पावसाळा संपल्यावर खरवडावा, भिंत उन्हाळ्यापर्यंत सुकू द्यावी आणि मगच नवा गिलावा करावा. बाहेरचे पाणी वळविण्यापूर्वी केलेली ही दुरुस्ती टिकत नाही.

भूखंड घेऊ इच्छिणाऱ्यांनी तो जानेवारीत पाहून व्यवहार उरकू नये. जुलैत एकदा तेथे जावे, पाणी कोठून येते व कोठे थांबते हे पाहावे आणि पूर्वी तेथे खाचर होते काय, हे शेजारच्या शेतकऱ्यास विचारावे.