घडी आणि खळ

हा अनुभव आपल्याही घरी आलेला असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवाने कागदाचा पक्षी केला. मान ताठ, पंख धारदार. तो कौतुकाने फडताळावर ठेवला. पुढे आषाढ लागला, भिंतींना ओल आली आणि आठ-पंधरा दिवसांत पक्ष्याची मान झुकली, पंख फाकले. नातू विचारतो, "आजोबा, ह्याला काय झालं?"

पुण्यात हा छंद काही नवा नव्हे. डॉ. अनिल अवचट (१९४४-२०२२) यांनी ओरिगामीची गोडी इथल्या कितीतरी मुलांना लावली. पण केलेली घडी टिकावी कशी, ह्याचे उत्तर त्याहून पुष्कळ जुने आहे, आणि ते आपल्या कसब्यात सापडते.

कसबा पेठेत कागदीपुरा म्हणून भाग आहे. आज तिथे कागद होत नाही; नाव तेवढे उरले. पेशवाईत मात्र तिथे कागद करणाऱ्या मुसलमान कारागिरांची वस्ती होती. जुन्नर हेही ह्या धंद्याचे जुने ठाणे. कारभार मोठा, तेव्हा लिहिण्यास कागद लागे तोही मोठा.

तो करीत कसा? जुनी दोरखंडे, गोणपाट, रद्दी हे सारे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, कुटायचे, नदीवर धुवायचे. पुन्हा चुना, पुन्हा कुटणे. मग लगदा हौदात कालवून साच्यावर एकेक ताव उचलायचा नि वाळवायचा. एवढ्याने कागद झाला, पण तो टिपकागदासारखा. म्हणून त्याला पिठाची खळ द्यायची आणि वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचा. हेतू साधा होता : शाई फुटू नये, बोरू अडखळू नये.

पण खळीने आणखी एक काम केले, बरं का! तंतूंमधल्या फटी भरल्या, तंतू एकमेकांना धरून राहिले, तावाला कडकपणा आला. तागाचा तंतू मुळात लांब, त्यामुळे घडीवर तो वाकतो, चटकन तुटत नाही. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. पिढ्यान्‌पिढ्या रुमालांत बांधून पडलेले ते कागद उलगडून वाचता आले, ह्यात त्या अनाम कारागिरांचाही वाटा आहे.

मग पक्षी का मरगळला? हवेतली ओल कागदात शिरते, तंतूंची एकमेकांवरची पकड सैल होते आणि घडी उघडू लागते. गंमत अशी की, जपानचे आकिरा योशिझावा (१९११-२००५) यांनी हीच गोष्ट कामाला लावली. जाडसर, खळ दिलेला कागद ते किंचित ओला करीत. खळ नरम पडे, कागद हवा तसा वळे. वाळला की तोच आकार कडक होऊन बसे. अशाने कागदाच्या प्राण्यांना गोलाई आली.

इकडे आपल्याकडे काय झाले? १८०७ साली जर्मनीत मोरिट्झ इलिग याने राळ आणि तुरटी घालून कागद कडक करण्याची युक्ती प्रसिद्ध केली. गिरण्यांना ती सोयीची पडली. पण तुरटीने कागदात आम्लता येते. पुढे त्यात लाकडाचा लगदा आला. असा कागद पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंढव्यालाही कागदाची गिरणी निघाली. गिरणीच्या स्वस्त मालापुढे कागदीपुरा टिकेल कसा? धंदा गेला, आणि हातांतले ज्ञानही गेले. १९४० साली शिवाजीनगरला हातकागद संस्था निघाली, तेव्हा पुण्याने तो धागा पुन्हा हाती धरला.

तेव्हा आजोबांनी नातवाला काय सांगावे? वर्तमानपत्राचा कागद ठेवणीतल्या वस्तूला घेऊ नको. चांगला हातकागद घे. पातळ खळ कुंचल्याने मागून लाव, सपाट वाळव, मग घड्या घाल. प्रत्येक घडी नखाने घोट. जाड कागद असेल तर ओल्या फडक्याने नुसता दमट कर, आकार दे आणि वाळेपर्यंत दोऱ्याने सैलसा बांधून ठेव. झालेली वस्तू ओल्या भिंतीपासून आणि उन्हापासून दूर, काचेच्या कपाटात ठेव. खळीला कसर लागते, म्हणून बुकबाइंडर तीत मोरचूद घालीत. पण ते विष, मुलांच्या हाती देऊ नये. त्यापेक्षा मधूनमधून कपाट उघडून पाहावे.

आणि नातवाला एकदा कसब्यात न्यावे, कागदीपुऱ्याचे नाव दाखवावे. पक्षी त्याने पुन्हा करावा. ह्या वेळी आधी खळ.