मणक्यातल्या सिमेंटची कुळकथा

‘आईचा मणका दबलाय, सिमेंट भरावं लागेल,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरातली माणसं गोंधळून एकमेकांकडे बघतात. मणक्यात भरतात ते सिमेंट बांधकामाच्या सिमेंटच्या नात्यागोत्यातलं नाही. ते ॲक्रिलिक आहे. रसायनशास्त्रातलं त्याचं नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. १९३० च्या दशकात जर्मनीत प्लेक्सिग्लास आणि इंग्लंडमध्ये पर्स्पेक्स या नावांनी ते बाजारात आलं आणि दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांवर काचेऐवजी बसलं. त्याचे तुकडे जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. ते आत राहूनही डोळा त्यांच्यावर चिडत नाही, हे लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांनी हेरलं आणि १९४९ साली मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात याच वस्तूचं भिंग बसवलं. आपल्याकडच्या कितीतरी आजी-आजोबांनी पुढे याच ॲक्रिलिकच्या भिंगातून नातवंडांची तोंडं पाहिली आहेत. दंतवैद्य त्याच्या कवळ्या करत होते. दंतवैद्यकातूनच ते उचलून इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस खुब्याचा कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवायला वापरलं. ‘बोन सिमेंट’ हे नाव रूढ झालं ते या कामामुळे.

ते मणक्यात पोचलं १९८४ साली, उत्तर फ्रान्समधल्या आमियाँ शहरात. ५४ वर्षांच्या एका बाईंच्या मानेचा दुसरा मणका रक्तवाहिन्यांच्या गाठीने पोखरला होता आणि वेदना असह्य होत्या. न्यूरोसर्जन पिएर गालिबेर आणि क्ष-किरणतज्ज्ञ एर्वे देरामों यांनी जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या सुईतून त्या पोकळ मणक्यात पातळ ॲक्रिलिक सोडलं. मणका आतून भरला, वेदना गेली. १९८७ साली त्यांनी हा अनुभव फ्रेंच नियतकालिकात छापला आणि व्हर्टिब्रोप्लास्टीचा जन्म झाला. हाडाच्या ठिसूळपणावर उपाय शोधायला हे दोघे निघाले नव्हते, हे मला या कथेत फार महत्त्वाचं वाटतं. इलाज एका दुर्मिळ गाठीसाठी जन्माला आला आणि घरोघरीच्या दुखण्याकडे नंतर वळला.

ते दुखणं म्हणजे वयानुसार ठिसूळ झालेल्या हाडांचं. पाळी गेल्यानंतर बायकांच्या हाडांची झीज वेगाने होते. मग पाण्याची बादली उचलताना किंवा एसटीच्या मागच्या सीटवर एक दणका बसला तरी मणका दबतो. उंची घटते, पाठ वाकते, आणि ‘वय झालं’ म्हणून पुष्कळदा क्ष-किरण फोटोसुद्धा निघत नाही. उपाय होते ते पट्टा, वेदनाशामक गोळ्या आणि पडून राहणं. पडून राहिल्याने हाड आणखी झिजतं. मोठी शस्त्रक्रिया करावी, तर ठिसूळ हाडात स्क्रू पकड धरत नाहीत. या कोंडीत सुईचा इलाज आशेसारखा आला. १९८० च्या दशकाच्या शेवटीच फ्रान्समधल्या ल्योंच्या डॉक्टरांनी तो अशा मोडलेल्या मणक्यांवर वापरला; १९९३ साली तो अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात पोचला.

प्रत्यक्ष काम असं चालतं. रुग्णाला पालथं झोपवतात, पाठीवर भुलीचं इंजेक्शन देतात. सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर मणक्याच्या मागच्या दोन हाडांच्या दांड्या वर्तुळांसारख्या दिसतात. त्यांपैकी एकीच्या आतून, छोट्या हातोडीने हलके ठोकत, सुई मणक्याच्या पुढच्या भागात नेतात. दांडीच्या आतल्या कडेला लागूनच मज्जारज्जू असतो, म्हणून सुईची प्रत्येक सरक दोन बाजूंनी पडद्यावर पाहायची. इकडे टेबलावर भुकटी आणि द्रव एकत्र कालवले जातात. उग्र रासायनिक वास खोलीभर पसरतो. मिश्रण टूथपेस्टइतकं घट्ट झालं की ते आत ढकलायचं. फार पातळ असताना ढकललं तर ते शिरांत शिरून फुप्फुसापर्यंत जाऊ शकतं किंवा मज्जारज्जूच्या पोकळीत उतरू शकतं. त्यात बेरियम मिसळलेलं असल्याने ते पसरताना दिसतं आणि कडेपाशी आलं की हात थांबतो. सारं मिळून चहाच्या चमचाभराइतकंच. थोड्याच मिनिटांत ते गरम होत कडक होतं. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

कॅलिफोर्नियाचे अस्थिशल्यविशारद मार्क रायली यांना यात एक उणीव दिसली: सिमेंट मणका जागच्या जागी थिजवतं, दबलेला उचलत नाही. त्यांच्या प्रयत्नांतून कायफोप्लास्टी आली. सुईतून छोटा फुगा आत न्यायचा, फुगवून मणका शक्य तेवढा उचलायचा, फुगा काढून झालेल्या पोकळीत घट्ट सिमेंट कमी दाबाने भरायचं. अमेरिकेत फुग्याला १९९८ साली परवानगी मिळाली. २००७ साली मेडट्रॉनिकने तो बनवणारी कायफॉन ही कंपनी सुमारे ३९० कोटी डॉलरला घेतली. इलाजाची खरी परीक्षा तोवर झालीच नव्हती.

तिचा निकाल छापून आला ऑगस्ट २००९ मध्ये. ऑस्ट्रेलियात ७८ आणि अमेरिकेच्या नेतृत्वाखाली १३१ रुग्णांवर दोन चाचण्या झाल्या. निम्म्यांना खरी व्हर्टिब्रोप्लास्टी, बाकीच्यांना लुटुपुटीची. तिथेही भूल दिली, पाठीवर दाब दिला, आणि आपल्याला सिमेंट मिळतंय असं वाटावं म्हणून तो उग्र वाससुद्धा खोलीत पसरू दिला. दोन्ही गटांचं दुखणं जवळजवळ सारखंच कमी झालं. सुईवाले डॉक्टर हादरले. निवड चुकली, जुने मोड घेतले, असे आक्षेप आले आणि ते सगळे पोकळ नव्हते. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या, सहा आठवड्यांच्या आतला मोड आणि तीव्र वेदना असलेले १२० रुग्ण घेऊन केलेल्या चाचणीचा निकाल आला, त्यात फायदा दिसला. २०१८ साली नेदरलँड्समधल्या १८० रुग्णांत पुन्हा तो दिसला नाही.

गालिबेर आणि देरामों यांच्याबद्दल मला आदर आहे. पण एका गाठीवर चाललेला उपाय लाखो ठिसूळ मणक्यांवर नेण्याआधी या चाचण्या व्हायला हव्या होत्या, आणि त्यांना पंचवीस वर्षं लागली हे वैद्यकाने मनावर घ्यावं. माझ्या मते आज या सुईची जागा अरुंद आहे, पण ती आहे: ताजा मोड, गोळ्या आणि पट्ट्याने न थांबणारी वेदना, अंथरुणाला खिळलेला रुग्ण; तसंच कर्करोगाने पोखरलेले काही मणके. एरवी बहुतेकांची वेदना काही आठवड्यांत आपोआप ओसरते.

घरात कुणाची पाठ अचानक धरली आणि वय साठीपुढचं असेल तर फोटो काढून घ्या. पायांत कमजोरी आली किंवा लघवी अडली तर एक तासही थांबू नका. सिमेंट सुचवलं गेलं तर मोड किती जुना आहे आणि एमआरआयमध्ये त्या मणक्यात सूज दिसते का, हे डॉक्टरांना विचारा. सिमेंट भरलेल्या मणक्याच्या वरचा आणि खालचा मणकाही तितकाच ठिसूळ असतो. म्हणून हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी आणि हाडांचं औषध याबद्दल बोलणं झाल्याशिवाय आईला घरी नेऊ नका.