शॉकअप, ओ-रिंग आणि आजोबांची चूक

इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. मुलांना सनावळ्या नको असायच्या आणि मला त्या सोडवत नसत. परवा त्याच सनावळ्या कामाला आल्या, त्याची ही गोष्ट.

आमचा नातू बदलापूरला राहतो. त्याच्याकडे रिमोटवर चालणारी ‘रॉक क्रॉलर’ गाडी आहे. ही शर्यतीची गाडी नव्हे. गोगलगाईच्या चालीने दगडधोंडे चढायचे आणि उलटायचं नाही, एवढाच तिचा खेळ. उन्हाळ्यात उल्हास नदीचं पाणी ओसरलं की पात्रातले दगड हे तिचं मैदान! पण यंदा ती सारखी कलंडू लागली. मागचं एक चाक वर गेलं की अडकून बसे, खाली येईना. तिथला शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गॅरेजवाल्यांच्या भाषेत ‘शॉकअप’, तेलाने माखला होता. “आपटली असशील कुठेतरी,” म्हणून मी त्याला चांगलंच झापलं. तो काही बोलला नाही.

गाडी अंबरनाथला घरी आणली आणि सवयीप्रमाणे इतिहासापासून सुरुवात केली.

मोटारींना आधी नुसत्या स्प्रिंगा असत. स्प्रिंग धक्का झेलते, पण जिरवत नाही, परत फेकते. म्हणून गाडी उसळत राही. त्रुफो नावाच्या फ्रेंच माणसाने घर्षणाचा शॉकअप काढला आणि १९०४ च्या सुमारास हार्टफर्डने तो अमेरिकेत आणला. त्यातल्या चकत्या एकमेकींवर घासून उसळी मारत, पण स्वतःही झिजत. मग मॉरिस उदाय यांचा तेलाचा शॉकअप आला. १९२८ पासूनच्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीला त्याच पद्धतीचे शॉकअप होते. तेल बारीक वाटेतून ढकललं की उसळीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. पण तेल आलं तशी गळतीही आली.

ती थोपवणाऱ्या साध्या रबरी कडीचं, म्हणजे आजच्या ओ-रिंगचं, पेटंट नील्स क्रिस्टेन्सन यांनी मिळवलं. १९३७ साली अर्ज केला तेव्हा ते ७२ वर्षांचे होते! (आमच्या वयाच्या मंडळींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.)

शेवटचा शत्रू हवा. ती तेलात मिसळली की फेस होतो आणि फेस काही विरोध करत नाही. १९५० च्या दशकात द कार्बों यांनी तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये सरकता दट्ट्या घालून दोघांना वेगळं केलं. नातवाच्या गाडीतल्या बोटाएवढ्या नळीतही टोपणाखाली रबराचा पडदा आहे. हवा तेलात मिसळू नये म्हणूनच तो.

तर क्रम ठरला: स्प्रिंग, तेल, गळती, हवा. स्प्रिंगा काढून पाहिल्या, सगळ्या सारख्या. नळी उघडली, तेल निम्मंच. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांनी दट्ट्याची दांडी काचेवर लोळवली. जराही डुगडुगली नाही. म्हणजे दांडी सरळ होती. म्हणजे पोराने गाडी आपटलेली नव्हती.

राहिली ओ-रिंग. ती घेऊन उल्हासनगरला गेलो. सिंधमधून सगळं सोडून आलेल्या निर्वासितांच्या छावणीला १९४९ साली हे नाव मिळालं. शून्यातून उभं राहिलेल्या या गावात ‘फेकून द्या’ म्हणण्याआधी वस्तू उघडून बघणारे कारागीर अजून भेटतात. स्कूटर दुरुस्त करणाऱ्या एकाने कडी नव्या कडीशेजारी ठेवली. जुनी चांगलीच जाड दिसत होती.

“मास्टरजी, इसमें तेल कौनसा डाला था?”

मी गप्प. गेल्या दिवाळीत त्या शॉकअपमध्ये शिलाई मशीनचं तेल घातलं होतं. घालणारा मीच. तिथे सिलिकॉन तेलच लागतं. खनिज तेलाने काही रबरं फुगतात. फुगलेली कडी दांडीला आवळते, म्हणून चाक अडकत होतं. पुढे ती कडी घासून फाटते आणि तेल गळतं. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच, आणि ते माझ्या काटकसरीत!

नवी कडी बसवली. नळी पुसून सिलिकॉन तेल भरलं, दट्ट्या हळूहळू वरखाली केला, बुडबुडे निघेपर्यंत थांबलो आणि मगच टोपण लावलं. रविवारी गाडी शांतपणे दगड चढली.

मी नातवाला म्हटलं, “अरे, चूक माझी होती. ते तेल मीच घातलं होतं.”

“माहीत होतं आजोबा. मी तिथेच होतो ना,” तो म्हणाला.

इतके दिवस माझी बोलणी त्याने निमूटपणे जिरवली होती. असो. खरा शॉकअप कोणाला म्हणायचं, ते मला सत्तरी उलटल्यावर कळलं.