पिंप तापवणे

साठवणीच्या पिंपातील दाट वा गोठलेला द्रव सहज ओतता यावा म्हणून पिंपाला बाहेरून उष्णता देण्याची क्रिया. नेहमीच्या पोलादी पिंपात सुमारे २०० लिटर माल मावतो. तापमान वाढले की श्यानता झपाट्याने घटते, एवढेच यामागचे तत्त्व.

कोकणात वर्षातला बहुतेक काळ पातळ राहणारे खोबरेल तेल २४–२५° से.च्या खाली थिजते. त्यामुळे दिल्लीच्या थंडीत त्याची बाटली उन्हात किंवा कोमट पाण्यात ठेवावी लागते. पिंपाचे गणितही तेच, मात्र वेळ फार लागतो. तेल, मध, डांबर हे उष्णतेचे मंदवाहक असल्याने कडेचा थर वितळला तरी गाभा बराच काळ घट्टच राहतो.

पिंपाभोवती तापस्थापक असलेला विजेचा पट्टा आवळतात, पिंप गरम पाण्यात किंवा वाफेच्या कोठीत ठेवतात. रस्त्याच्या कामांवर डांबराच्या पिंपाखाली लाकडे पेटवण्याची जुनी रीत धोक्याची आहे. तळाचा द्रव आधी वितळून प्रसरण पावतो, वर घट्ट थर असल्याने त्याला वाट मिळत नाही आणि पिंप फुटू शकते. आत पाणी शिरले असल्यास डांबर फेसाळून उतू जाते. म्हणून बूच आधी सैल करावे. प्लॅस्टिकच्या पिंपांना सौम्य ऊबच द्यावी. मध फार तापवल्यास त्याचा स्वाद व रंग बिघडतो.