खोक्याची गुराब

मी वाडीतून बोलतोय. कोकणातली वाडी नाही हो, आपली नागपूरची, अमरावती रोडवरची. अरबी समुद्र इथून रस्त्याने आठशेक किलोमीटर. पण वाडीत ट्रान्सपोर्टची गोदामं भरपूर, म्हणजे पुठ्ठ्याची खोकीही भरपूर. आजचा विषय अशाच एका खोक्यातून निघाला.

दिवाळीत भाच्याने अंगणात विजयदुर्ग करायला घेतला. चौथीत आहे, महाराजांचा इतिहास तोंडपाठ. माती, विटा, गोणपाट सगळं झालं आणि मग म्हणतो, "मामा, खाडीत आरमार पाहिजे ना. तू इंजिनिअर आहेस, तू कर." मी सॉफ्टवेअरवाला, हे त्याला कसं समजावणार!

मग ठरवलं, गुराब करायची. आंग्र्यांच्या आरमारातलं मोठं लढाऊ जहाज. पुठ्ठ्याचा सांगाडा, खराट्याच्या काड्यांच्या डोलकाठ्या, जुन्या धोतराचं शीड, संपलेल्या रिफिलच्या तोफा, आणि पाणी लागू नये म्हणून बाहेरून मेणबत्तीच्या मेणाचा थर. आई म्हणाली, "रद्दीवाल्याला द्यायचं सामान घरात काऊन आणून राहिला?"

टाकाऊतून जहाज करणारा मी काही पहिला नाही. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमधल्या नॉर्मन क्रॉसच्या कैदखान्यात फ्रेंच कैदी जेवणात उरलेली हाडं साफ करून त्यांची जहाजं करायचे आणि विकायचे. ती जहाजं आज संग्रहालयांत आहेत. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानात बांधलेलं १८१७ चं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून उभं आहे. म्हणजे हाडं टिकली, सागवान टिकलं. आंग्र्यांची मात्र एकही गुराब उरलेली नाही. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडकात खोदलेली आरमारी गोदी दिसते, तिच्यात बांधलं-दुरुस्त केलेलं जहाज नाही.

मग आकार कुठून घ्यायचा? गंमत म्हणजे सगळ्यात कामाचं वर्णन शत्रूच्या गोटातलं आहे. रॉबर्ट ऑर्म हा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. त्याच्या १७६३ साली छापलेल्या ग्रंथात गुराबेचं जवळजवळ स्पेसिफिकेशनच आहे. दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन काठ्यांची दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांची साधारण तीनशे. लांबीच्या मानाने रुंद, तळ उथळ, म्हणजे खाडीत आत शिरता येईल. पुढचा भाग चोचीसारखा लांब निघालेला. चोचीच्या मागे एक आडवी भिंत, तिच्या भोकांतून दोन तोफा थेट समोर मारा करणार. सोबतची गलबतं लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची.

मी वाचलं खरं, पण एक ओळ घाईत सुटली. चोचीलाही छान काड्यापेटीच्या काड्यांचा कठडा लावला. देखणा दिसत होता! घंगाळात जहाज सोडलं, भाच्याने समोरून हाताने लाटा मारल्या. चोचीवर आलेलं पाणी कठड्यात अडकलं, नाक खाली गेलं आणि दोन मिनिटांत आरमार तळाला.

परत ऑर्म उघडला. त्याने स्पष्ट लिहिलंय, समोरून लाटा असल्या की गुराब फार डुबकते, म्हणून चोचीला कठडा नसतो, वर चढलेलं पाणी सरळ निघून जावं म्हणून. कठडा उपटला, मेण परत लावलं. या वेळी तरंगली. (घंगाळातली लाट आणि समुद्राची लाट एक नव्हे, मला माहीत आहे, इंजिनिअर मंडळींनी कमेंट करू नये.) पण कोकणातल्या त्या सुतारांना काय कळत होतं, ते मला बुडालेल्या पुठ्ठ्याने जेवढं दाखवलं तेवढं पुस्तकाने नव्हतं दाखवलं.

जहाज किल्ल्याच्या खाडीत बसलं तेव्हा भाच्याने विचारलं, "मामा, खरी जहाजं कुठे गेली?"

जळाली. फेब्रुवारी १७५६. वॉटसनच्या इंग्रजी आरमाराने विजयदुर्गावर मारा केला, सोबत क्लाइव्ह होता. आंग्र्यांनी आधी कंपनीकडूनच जिंकलेल्या 'रिस्टोरेशन' जहाजावर गोळा पडला, ते पेटलं, आणि एकमेकांशेजारी बांधलेली जहाजं पेटत गेली. भाचा म्हणाला, "इंग्रज वाईटच." आता इथे थांबता आलं असतं. पण या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने पेशव्यांची फौज जमिनीवरून आली होती. तुळाजी आंग्रे नानासाहेबांना जुमानत नव्हते, हे खरं. पण कान्होजींनी उभं केलेलं आरमार मोडायला आपण इंग्रजांना हात दिला, हेही तितकंच खरं. माझ्या मते नानासाहेबांची ही फार महाग चूक होती. तेवढं आरमार परत उभं राहिलं नाही.

नऊ वर्षांच्या पोराला मी हे सांगितलं. तो जरा वेळ काही बोललाच नाही. मग उठून फुलबाज्यांचा डबा गुराबेपासून लांब, तुळशीमागे ठेवून आला.