क्षाराचे क्षरण

तेलावर मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याची क्रिया झाली की वर बायोडिझेल तरंगते आणि तळाशी, त्याच्या सुमारे एक दशांश वजनाचे, तपकिरी ग्लिसरॉल बसते. त्यात पाणी, मिथेनॉल, साबण आणि क्षार मिसळलेले असतात. यातला शेवटचा शब्द मोठा वेधक आहे.

सुश्रुताचा क्षार म्हणजे वनस्पतींच्या राखेतून काढलेला दाहक पदार्थ. अरबी ‘अल्-कली’ही मुळात राखच. पाठ्यपुस्तकातला क्षार मात्र आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून होणारा, मिठाच्या जातीचा. हिंदीने त्याला ‘लवण’ म्हटले आणि क्षार अल्कलीसाठी राखला. मराठीने तसे केले नाही, कारण बोलीतला ‘खार’ आधीपासून दोन्ही अर्थ सांभाळत असावा: पापडखार जुन्या अर्थाचा, खारे शेंगदाणे नव्या. (‘खार खाणे’ यातला खार वेगळा, तो फारसी ‘ख़ार’, म्हणजे काटा, असा दिसतो.) कच्च्या ग्लिसरॉलमध्ये हे दोन्ही अर्थ पाठोपाठ येतात. उरलेला सोडा हा सुश्रुताचा क्षार. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की होणारे मीठ हा पाठ्यपुस्तकातला.

सुश्रुत ‘क्षार’ या शब्दाचा संबंध झरण्याशी जोडतो, तसाच इजा करण्याशीही. ‘क्षै’, म्हणजे जळणे, हा धातूही संभवतो आणि मला तोच अधिक पटतो. पण ग्लिसरॉलपासून मोलाची रसायने करणाऱ्यांना इजेची व्युत्पत्तीच खरी वाटत असावी. अ‍ॅक्रोलिन करताना उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावरची आम्लस्थाने कामाची असतात. सोडियम नेमका तिथे बसतो आणि ती निकामी होतात. प्रोपिलीन ग्लायकॉलसाठी तांब्याचा उत्प्रेरक वापरला, तर मिठातले क्लोराइड त्याला मारक ठरते. क्लॉस्ट्रिडियम जिवाणूंकडून प्रोपेनडायॉल करून घ्यावे, तर जास्त मिठाने त्यांच्या पेशींतले पाणी ओढले जाते. वर साबणातली मेदाम्ले त्यांची वाढ रोखतात.

निर्वात ऊर्ध्वपातनाने क्षार मागे राहतात खरे, पण ग्लिसरॉल 290 अंश सेल्सिअसला उकळणारे, त्यामुळे इंधनाचा खर्च मोठा. त्यापेक्षा सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश घेऊन फॉस्फोरिक आम्लाने उदासीन करण्याची युक्ती मला आवडते. ‘पोटॅश’ म्हणजे मडक्यातली राख. आपला यवक्षार, जवाच्या राखेतला, तोही मुख्यतः पोटॅशियमचाच. या युक्तीत वेगळा होणारा पोटॅशियम फॉस्फेट खत म्हणून शेतात वापरता येतो.